डाव्या चाकाचे पाच फेरे

"उलट बोलू नकोस." हे तीन शब्द घरात कुणीही कुणाला म्हटले, अगदी सुनेने नातवाला म्हटले, तरी माझं डोकं फिरतं. मी ताट बाजूला सारतो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला आमटी आवडली नाही. आमटी चांगली असते. मला आठवलेला असतो गिरगावातल्या एका वाडीचा चौक, दसऱ्याची सकाळ आणि एका बग्गीचं पुढचं डावं चाक.

मी गाड्यांचा फिटर. आता मोटारी आल्या, त्यांच्या पुढच्या चाकांच्या तुंब्यात, म्हणजे आरे येऊन मिळतात त्या मधल्या गड्ड्यात, लोखंडी गोळ्या फिरतात, आणि कालचं पोरगंही स्वतःला मिस्त्री म्हणवून घेतं. मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या आधीची, गेलं शतक संपत आलं होतं तेव्हाची. मुंबईत घोडा होता आणि घोड्यामागे गाडी होती. आम्ही मूळचे मालवणकडचे लोहार. फोर्टातल्या एका गोऱ्या साहेबाच्या गाडीकारखान्यात मी आठ वर्षं घालवली आणि मग लालबागेत, रस्त्याला लागूनच, स्वतःचं दुकान टाकलं. चाकाचा आवाज ऐकून चाकाला काय झालंय ते मी सांगत असे. ही बढाई नाही. म्हणजे बढाई आहे, पण खरी आहे.

माझ्या आक्काचा नवरा, माझे भावोजी, गिरगावातल्या एका रावसाहेबांची बग्गी हाकत. रावसाहेब कोर्टात मोठ्या हुद्द्यावर होते. घराणं जुनं, घर मोठं, आवाज त्याहून मोठा. भावोजींना त्यांच्याकडे अकरा वर्षं झाली होती. तबेल्यामागची एक खोली त्यांना राहायला दिलेली होती. नोकरी होती तोवर खोली होती आणि खोली होती तोवर माझी बहीण मुंबईत होती. नोकरी गेली असती तर दोघांना गावी जाऊन भावाभावांच्या भांडणात एक कोपरा शोधावा लागला असता. हे मला ठाऊक होतं. त्या सकाळीही ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात भावोजींनी बग्गी माझ्या दुकानी आणली. पुढची दोन्ही चाकं डुलत होती. पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान असतात, त्यामुळे ती जास्त फिरतात आणि आधी झिजतात. मी आस उचलून ठोकळ्यांवर ठेवला, तुंब्याच्या तोंडाच्या पितळी टोप्या काढल्या आणि चाकं बाहेर ओढली. आतलं वंगण काळं ठिक्कर झालेलं, त्यात रस्त्याची बारीक वाळू. तुंब्यात जी पितळी नळी बसवलेली असते, जिच्यात आसाचं टोक फिरतं, तिला आम्ही बुश म्हणतो. दोन्ही बुश आतून खाल्ले गेले होते. मी नवे ओतवून आणले. आसाला काजळ फासायचं, चाक चढवून एकदा फिरवायचं, परत काढायचं आणि बुशात जिथे काजळ लागलंय तेवढंच खरवडायचं. असं डाव्या चाकाला एकवीस वेळा केलं. शेवटी काजळ सगळीकडे सारखं लागलं. चाक बोटाने ढकललं की फिरत राही, आणि थांबताना किंचित मागे येऊन मग स्थिर होई. अशा चाकाकडे मी उगाच उभा राहून बघत असे.

चाक बाहेर येऊ नये म्हणून आसाच्या टोकाला नट असतो आणि त्या नटातून आरपार लोखंडी खीळ जाते. आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. गाडी पुढे जाते तेव्हा उजवं चाक, बाहेरून बघितलं तर, घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. डावं चाक काट्यांच्या उलट फिरतं. चाक फिरताना नटाला आपल्याबरोबर ओढत असतं. म्हणून डाव्या नटाचे आटे उलटे पाडलेले असतात. जगातला प्रत्येक नट उजवीकडे फिरवून आवळतात, हा डावीकडे फिरवून आवळायचा. मग गाडी जितकी पुढे जाईल तितका तो घट्ट बसतो. गाडी मागे गेली तर मात्र तो सुटायला बघतो, आणि त्यासाठी खीळ. एवढं साधं आहे. मी नट हवे तसे आवळले, खिळी घातल्या, टोप्या लावल्या आणि बग्गी पाठवून दिली.

दसऱ्याला सकाळी मला वाडीत बोलावणं आलं. गाडीची पूजा होती. मला वाटलं, चार शब्द कौतुकाचे मिळतील, पान-सुपारी मिळेल. मी धुतलेला अंगरखा घालून गेलो. माझ्यासारख्याला कौतुकाची हाव होती, तेही लिहून ठेवतो.

चौकात बग्गी उभी. झेंडूच्या माळा, चाकांवर हळदकुंकवाची बोटं. भटजींच्या मनात काय आलं कोण जाणे, ते म्हणाले, "नवीन काम झालंय तर यजमानांनी स्वतःच्या हाताने चाकाला शेवटचा फेरा द्यावा. शुभ असतं." रावसाहेबांना ती कल्पना भलतीच आवडली. त्यांनी मला हाक मारली, "टोप्या काढ. ती खीळ का काय असते तीही काढ. पाना दे इकडे."

मी काढलं सगळं. मालक आहेत, हौस आहे, एक हात लावतील आणि मग मी खीळ परत घालीन, असा माझा हिशोब.

आधी उजवं चाक. भटजी म्हणाले, "उजवीकडे फिरवा. प्रदक्षिणा घालतो तसं." रावसाहेबांनी जोर केला. नट आधीच आवळलेला, तो जागचा हलेना. रावसाहेबांचा चेहरा लाल झाला. भटजींनी हात लागला तेवढं पुरे म्हणून अक्षता टाकल्या. मी त्या नटात खीळ घातली, टोपी लावली. मग सगळे डाव्या चाकाकडे आले.

रावसाहेबांनी पाना लावला आणि उजवीकडे जोर दिला. अर्थातच नट फिरला. सुटणारच होता तो! मी पुढे झालो आणि म्हणालो, "रावसाहेब, तो उलटा..."

वाक्य पुरं करू दिलं नाही त्यांनी. पाना तसाच धरून माझ्याकडे वळले. "मला उलट बोलतोस?"

"तसं नाही, रावसाहेब, ह्या चाकाला उलटं..."

"सणाच्या दिवशी काय उलट-उलट लावलंय रे!" हे भटजी. "डावीकडून फिरवायचं ते पितरांच्या कामाला. आज दसरा आहे. फिरवा, रावसाहेब, उजवीकडे, पाच फेरे."

चौकात वाडीतली वीस-पंचवीस माणसं होती. बायका गॅलरीत होत्या. आक्का तबेल्याच्या दारात होती. कुणीतरी हसलं. मी मागे सरलो.

एक, दोन, तीन, असे भटजी मोजत होते आणि रावसाहेब नट सोडवत होते. सहा-सात आट्यांचा नट, त्यातले पाच आटे त्यांनी स्वतःच्या हाताने मोकळे केले. आणि मला काय म्हणाले? "बघ! किती सैल ठेवला होतास. माझ्या हातून आवळला गेला म्हणून बरं." लोकांनी माना डोलावल्या. ज्या चाकासाठी मी एकवीस वेळा काजळ फासलं होतं, त्या चाकापुढे उभा राहून हा माणूस मला कामचुकार म्हणत होता.

मग त्यांनी विचारलं, "आवळला ना आता?"

मी मान हलवली. हो म्हणून.

का हलवली? चाळीस वर्षं मी स्वतःला हे विचारतोय. रागाने म्हणा, लाजेने म्हणा, की मर तिकडे, तुझी गाडी, तुझं चाक, असं म्हणून. पण गाडी त्यांची होती तरी ती हाकणारा माझा होता.

मी खीळ पुढे केली. "घालतो ही."

"पूजा झालेल्या चाकाला आता हात लावायचा नाही," भटजी म्हणाले. "सीमोल्लंघन करून आले की मग काय ते." रावसाहेबांनी स्वतः टोपी फिरवून बसवली. तीही बेटी उजवीकडे फिरून छान बसली, तिचे आटे साधेच होते. वर कुंकवाचं बोट ओढलं गेलं. आतला नट कुणाला दिसणार नव्हता. खीळ माझ्या मुठीत राहिली.

मी लगेच घाबरलो नाही, हेही सांगितलं पाहिजे. मला माझ्या विद्येचा गर्व होता. मी मनाशी म्हटलं, गाडी पुढे चालली की हा नट आपला आपणच आवळला जाईल. संध्याकाळी ही मंडळी सीमोल्लंघनाला परळच्या पुढे जाणार, म्हणजे माझ्या दुकानावरूनच जाणार. तिथे थांबवू आणि दोन मिनिटांत खीळ घालू. तबेल्याच्या मागच्या दारात भावोजी घोड्याला खरारा करत होते. त्यांनी चौकातलं काही पाहिलं नव्हतं.

"काय रे, सगळा बरा मा?" त्यांनी विचारलं.

"लालबागाक माझ्या दुकानाकडे गाडी थांबवा," मी म्हटलं.

"कित्या?"

"थांबवा म्हणजे झाला."

एवढंच बोललो. तिथे उभं राहून दोन वाक्यं जास्त बोललो असतो तर माझं काय गेलं असतं? पण माझं तोंड फुगलेलं होतं. मी पान-सुपारी न घेता वाडीतून बाहेर पडलो.

दुपारभर चौपाटीवर बसून राहिलो, आणि संध्याकाळी ट्राममधून भायखळ्याच्या पुढे आलो तेव्हा कुठे मला ते आठवलं. गिरगावच्या त्या वाडीत बग्गी वळवायला जागा नव्हती. वाडीतली प्रत्येक गाडी मागे-मागे नेत रस्त्यापर्यंत काढावी लागे. चांगली चाळीस-पन्नास पावलं. मी स्वतः शंभर वेळा पाहिलं होतं. गाडी मागे गेली की डावं चाक उजवीकडे फिरणार, आणि एका-दोन आट्यांवर लटकलेला तो नट, खिळीशिवाय, टोपीच्या पोकळीत गळून पडणार. मग चाकाला धरून ठेवायला काही म्हणजे काहीच उरणार नव्हतं. एवढा मोठा फिटर मी. पुढे जाणाऱ्या गाडीचं सगळं गणित केलं आणि ती निघते कशी, तेच विसरलो.

परत जायला वेळ नव्हता. ती मंडळी निघालीच असणार. मी धावत दुकान गाठलं, पाना घेतला, खीळ घेतली आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. गिरण्या बंद, रस्त्यावर नवे कपडे घातलेली माणसं, हातात आपट्याची पानं. बऱ्याच वेळाने बग्गी दिसली. भावोजींनी मला पाहिलं, लगाम आखडला, घोडा कडेला घेऊ लागले. मी ओरडत होतो, "हळू! हळू!" मागून रावसाहेबांनी काठीचं टोक भावोजींच्या पाठीत खुपसलं. "काय लावलंय ह्याने सकाळपासून! चल पुढे!"

भावोजींनी घोडा परत रस्त्याच्या मध्ये घेतला. डावं चाक ट्रामच्या रुळावर चढलं आणि उतरलं, आणि तसंच बाहेर चालत गेलं. एकटं. माझ्या अंगाजवळून गेलं आणि दुकानाच्या ओट्याला आपटून पडलं. बग्गीचं नाक जमिनीत गेलं. रावसाहेब त्यांच्या गादीवरून घसरून खाली बसले, पगडी पडली, बाकी खरचटलंसुद्धा नाही. भावोजी उंच बैठकीवरून खाली गेले आणि आस त्यांच्या उजव्या पायावर आला. तो आवाज मी सांगत नाही.

रावसाहेब उठले. पगडी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली. पहिलं वाक्य काय बोलले असतील? "प्यायलाय हा!" गाडीखाली माणूस अडकलाय, आम्ही आठजण आस उचलतोय, आणि हे जमलेल्या लोकांना सांगताहेत, "सणाच्या दिवशी प्यायलाय!"

परळच्या हाडवैद्याने पाय बांधला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आठ दिवसांत खोली रिकामी करायचा निरोप आला. आक्का आणि भावोजी माझ्या दुकानामागच्या पडवीत आले. आणि त्यांच्याबरोबर एक चिठी आली. तेव्हा कोचमनला दुसरी नोकरी मिळायची तर आधीच्या मालकाची चिठी लागे. रावसाहेबांनी इंग्रजीत लिहून दिली होती. खोताच्या वाडीत एक म्हातारे ख्रिस्ती मास्तर राहत, त्यांच्या गाडीचं काम मी करत असे. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढला. "नशेत गाडी हाकली, असं लिहिलंय," ते म्हणाले. "ह्या चिठीवर ह्याला मुंबईत गाढवगाडी पण कोण देणार नाय."

आक्का त्या दिवशी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तेनी थेंबसुद्धा घेवक नाय रे. तुका ठावक आसा."

मला ठाऊक होतं. मला सगळंच ठाऊक होतं आणि मी अजून तिला काही सांगितलं नव्हतं. बग्गी माझ्याच दुकानात पडून होती. चाकाची टोपी मी त्याच दिवशी उघडली होती. आत नट बसला होता, स्वच्छ, एक आटाही न मोडलेला, त्यावर कुंकवाचा डाग. मी तो फडक्यात बांधून ठेवला होता.

महिन्याभराने रावसाहेब दुरुस्ती बघायला आले. मी आस घासून सरळ केला होता, चाक चढवलं होतं. मी तो नट आसाच्या टोकावर दोन आटे चढवला आणि पाना त्यांच्यापुढे धरला. "रावसाहेब, एवढा आवळून द्या."

"मी?"

"आपल्या हाताने आवळला गेला होता ना दसऱ्याला. तसाच."

त्यांनी पाना घेतला. उजवीकडे फिरवला. एक फेरा. दुसरा. तिसऱ्याला नट त्यांच्या तळहातात पडला.

ते नटाकडे बघत राहिले. माणूस मूर्ख नव्हता. कोर्टात आयुष्य गेलेलं, पुरावा कशाला म्हणतात ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी त्यांच्या हातून नट घेतला, आसावर चढवला, डावीकडे फिरवून कचकचून आवळला आणि म्हटलं, "हा उलटा आवळतात. हेच सांगत होतो मी. उलट बोलत नव्हतो. भावोजींची चिठी बदलून द्या."

मला वाटलं, आता तरी खाली बघतील. त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले. "आवळला ना, म्हणून. सगळ्यांसमोर विचारलं होतं. तू काय केलंस?"

हा राग सगळ्यात वाईट. समोरचा माणूस हलकट असावा आणि त्याचं बोलणं खरं असावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी चिठी पाठवली. मी ती घेऊन पुन्हा खोताच्या वाडीत गेलो. मास्तरांनी ती दोनदा वाचली. "कोचमन अकरा वर्षं होता, सचोटीचा, निर्व्यसनी," ते म्हणाले. "अपघात झाला तो फिटरच्या हलगर्जीपणाने. त्याने चाकाची खीळ घातली नाय. ह्या लालबागेतल्या फिटरपासून सगळ्यांनी सांभाळून राहावं, असं पण लिहिलंय." मग वर बघून म्हणाले, "फिटर कोण?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चिठीची घडी घालून परत दिली.

त्या रात्रीपर्यंत मी थांबलो नाही. तसाच घरी गेलो आणि भावोजींना सगळं सांगितलं, फेरे, मान हलवणं, मागे काढलेली गाडी, सगळं. ते भिंतीला टेकून बसले होते, पाय समोर पसरलेला.

"माका त्याच दिवशी सांगलंस कित्याक नाय?" एवढंच विचारलं. मग चिठी मागून घेतली आणि बंडीच्या खिशात ठेवली. ती फाडून टाकायची ऐपत आमच्यात कुणाचीच नव्हती.

पाय जोडला गेला, पण आखूड. चिठीवर परळच्या एका डॉक्टरांकडे त्यांना नोकरी मिळाली. डॉक्टर आपलेच, मराठी. लहानशी चारचाकी, एक घोडी, मागे राहायला खोली. आक्का तिकडे गेली. आणि आमच्यात न बोलता एक ठरून गेलं, की ती गाडी माझ्या दुकानी येणार नाही. ज्याच्यापासून सांभाळा म्हणून लिहिलंय त्याच्याचकडे चिठीवाला गाडी घेऊन गेला तर मालक काय म्हणेल? भावोजी रोज माझ्या दुकानावरून जात आणि मान समोर ठेवत. मीही ऐरणीकडे बघत असे. गिरगावातल्या गाड्या माझ्याकडे यायच्या बंद झाल्या होत्या. मी बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवत होतो.

शिमगा जवळ आला असताना एका सकाळी ती गाडी गेली आणि मला आवाज ऐकू आला. टक्. मग जरा थांबून, टक्. पुढचं डावं चाक. बुश झिजला होता, तुंबा आसावर आपटत होता आणि प्रत्येक फेऱ्याला नटाला ठोकत होता. मी हातोडा खाली ठेवला. परत उचलला. म्हटलं, बघतील ते. डॉक्टरांचा कुणी फिटर असेल.

दुसऱ्या दिवशी आवाज मोठा झाला होता. त्या दिवशीही मी दुकानातच बसलो, आणि गाडी गेल्यावर मला स्वतःची अशी शिसारी आली की मी सांडशी भिंतीवर फेकून मारली. चौकात लोक हसले म्हणून एकदा गप्प बसलो होतो. आता माझ्यामुळे नोकरी जाईल म्हणून गप्प बसत होतो. कारण दर वेळी चांगलंच सापडत होतं.

तिसऱ्या दिवशी टक्-टक् लांबून ऐकू आली तेव्हा मी पाना घेऊन रस्त्यात उतरलो आणि घोडीच्या तोंडापुढे उभा राहिलो. "थांबवा! डावं चाक! उतरा खाली!"

भावोजींनी लगाम ओढला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मागून डॉक्टर उतरले, सडपातळ, हातात बॅग. "काय झालं? तू कोण?"

"फिटर आहे. चाक जातंय तुमचं."

त्यांनी दुकानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "लालबागेतला फिटर," ते हळूहळू म्हणाले. "चिठीत लिहिलाय तो तूच की काय?"

मी तोंड उघडायच्या आत वरून भावोजींचा आवाज आला. "होय, साहेब. तोच ह्यो. माझो मेवणो. आणि चिठीत लिवलेला आसा ता खोटा."

माझी खोली, माझी नोकरी, असा एकदाही विचार न करता तो लंगडा माणूस उंच बैठकीवरून भर रस्त्यात हे बोलला. मला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला.

"सगळं खोटं नाही," मी म्हटलं. "नट मी सोडला नव्हता. पण आवळला का विचारलं तेव्हा हो म्हणालो."

डॉक्टरांनी चाकाकडे बघितलं. मग बॅग ओट्यावर ठेवून म्हणाले, "ते मागाहून. आधी चाक दाखव."

मी टोपी काढली. खीळ झिजून अर्धी झाली होती, दोन दिवसांत तुटली असती. नटाखालची चामड्याची चकती फाटलेली. घरापर्यंत गाडी नेण्यापुरतं मी नवं चामडं एरंडेलात बुडवून घातलं, नट चढवला. चाक दोन्ही हातांनी आत दाबून धरावं लागत होतं. डॉक्टर माझ्याशेजारी उकिडवे बसले, बाह्या वर केल्या आणि पाना उचलला.

"कुठल्या बाजूला फिरवू?"

रस्त्यावर माणसं जमली होती. "उलटा," मी म्हटलं, इतक्या मोठ्याने की घोडीने कान टवकारले.

त्यांनी फिरवला. डावीकडे, एक फेरा, दुसरा. मग थांबून माझ्याकडे बघितलं. "आवळला?"

मी मान हलवली नाही. चाक धरून हलवून पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "अजून अर्धा फेरा. उलटा."